जर-तर

तृप्तीनं छताला तीन पांढऱ्या चकत्या लावल्या.
एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक माझ्या पलंगाच्या वर.
स्वयंपाकघरात वेगळी, धूर नाही, ताप ओळखणारी;
साधी तुमच्या फोडण्यांपुढे टिकायची नाही, म्हणाली.
शिडी मी धरली.
एकतीस वर्षं शिडीवर मी असायचो,
खाली दुसरं कोणी.

राऊटरशेजारी एक डबी,
काडेपेटीहून थोडी मोठी.
हिला हब म्हणायचं.
चकत्या हिला सांगणार, ही घराला.

मग पोरगी मोबाईलवर नियम लिहायला बसली:
जर धूर, तर सगळे दिवे चालू.
जर धूर, तर पंखे बंद, आगीला वारा घालायचा नाही.
(हे मीच शिकवलेलं, ती दुसरीत असताना, होळीपाशी.)
जर धूर, तर गॅसचा कॉक बंद.
जर धूर, तर मला फोन,
समोरच्या कानिटकर मावशींना फोन.

इंटरनेट गेलं तर?
घरातल्या घरात चालतं, बाबा.
गुरुवारी लाईट जाते, तेव्हा?
बॅटरी आहे.
आणि दार?
दाराचं काय?

मला धूर नाकानं कळतो.
रबराचा घशात बसतो, गादीचा डोळ्यांत,
साखरेचं गोदाम पेटलं की दोन गल्ल्या पाकाचा वास,
आणि एका वासाचं नाव मी घरी कधी काढलं नाही.
चकतीला यातलं काही कळत नाही.
तिला सगळा धूर एकच.
बरंच आहे तिचं.

गंज पेठेत, बोळाच्या टोकाला, वरच्या मजल्यावर
एक दार होतं.
कडी आतून. साधी, पत्र्याची,
जुन्या बाजारात ढिगात मिळते तशी.
पाटोळे म्हणाला, सरक, आणि कुऱ्हाड घातली.
चार मिनिटं लागली आम्हाला.
नंतर जिन्यात बसून तो
जर, जर, म्हणत राहिला.
जर बंब बोळात शिरला असता,
जर कडी गंजकी असती,
जर त्या बाईनं
तर-पर्यंत पाटोळे कधी पोचलाच नाही,
रिटायर होईपर्यंत.

लिही, म्हटलं तृप्तीला,
जर धूर, तर दार उघड.

सोसायटीच्या मीटिंगला हे कसं कळलं कोण जाणे.
चेअरमन म्हणाले, गव्हाणे, उद्या चोर
जिन्यात उदबत्त्या लावेल आणि सरळ आत येईल.
म्हटलं, येऊ द्या.
अख्खा पुडा लागेल त्याला. आलाच तर देव्हारा दाखवीन.

मंगळवारी रात्री ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या,
खिडकी उघडायची राहिली.
पॅसेजमधली किंचाळली, मग बाकीच्या दोघी.
घर लख्ख. पंखे थांबले. शेगडी विझली.
आणि
खट्.
कुलूप आपणहून मागे सरकलं.

दारात कानिटकर मावशी, गाऊनवर शाल,
हातात बादली. अर्धीच.
काय जाळलंत?
मिरच्या.
बादली ठेवून त्यांनी तव्यात डोकावून पाहिलं.
दाण्याचं कूट घाला, नाहीतर पित्त होईल, म्हणाल्या
आणि बादली घेऊन गेल्या.

मी तिथंच उभा, हातात चिमटा,
उघड्या दाराकडे बघत.
बाहेर काहीच नव्हतं. जिना, चपलांचा स्टँड,
कोणाची तरी सायकल.

आता संध्याकाळी काठीच्या टोकानं
पॅसेजमधल्या चकतीचं बटण दाबतो.
एक, दोन,
खट्.
कधी अडीच.
(टेस्टचा फोन मावशींना जात नाही.
त्या ओरडल्यावर तसा नियम झाला.)

तृप्तीला जातो.
बाबा, परत टेस्ट? कालच झाली ना?
हो, म्हणतो.
दार बघत होतो.